शेवटच्याचा पहिला नंबर

"आपण त्याला सोडायला नको होतं. गुडघा अजून दोन वर्षं आरामात चालला असता."

नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात, फिजिओथेरपी विभागात, माझा तो पहिला सोमवार होता. स्टाफच्या किचनमध्ये निळी लोकरी टोपी घातलेल्या साठीकडे आलेल्या एक बाई फोनवर मराठीत बोलत होत्या. मला वाटलं, कुणा पेशंटला घाईने घरी पाठवलंय. मी हळूच मागे फिरणार, तेवढ्यात त्यांनी फोन ठेवला.

"थांब थांब. मराठी नं तू? आपल्या टीमने क्वार्टरबॅकच दुसऱ्यांना देऊन टाकला. तुझं मत काय?"

त्या अमेरिकन फुटबॉलबद्दल बोलत होत्या; क्वार्टरबॅक म्हणजे त्यातला पास फेकणारा मुख्य खेळाडू, हे मला नंतर कळलं. मी एकही सामना पाहिलेला नव्हता. तरीही टीम 'आपली' होती.

तुमच्याही कामाच्या ठिकाणी कुणीतरी असं असेल, ज्यांच्या आवाजावरून आदल्या दिवशीचा निकाल कळतो. मी त्या बाईंना ताई म्हणायला लागले. ताई जिंकून आल्या की कॉरिडॉरमध्ये पेशंटना दोन पावलं जास्त चालवायच्या. हरून आल्या की सरळ किटलीकडे जायच्या. सोमवारी सकाळी लवकर उठून, डबा भरता भरता त्या सामन्याचं रेकॉर्डिंग बघायच्या. काही बघायचं राहिलं असेल, तर दारातूनच हात वर करून ओरडायच्या, "स्कोअर नका सांगू बाप्पा!" आमच्यापैकी कुणाला स्कोअर माहीत असायची शक्यताच नव्हती.

त्या मूळच्या नागपूरच्या. तीस वर्षं इंग्लंडमध्ये राहूनही बोलणं तिथलंच. टीम कशी निवडली, असं मी एकदा विचारलं.

"पहिल्या हिवाळ्यात हॉस्टेलच्या टीव्हीवर लागायचं नं. सगळ्यात शेवटी कोण आहे, ते पाह्यलं आणि तीच घेतली. वर रंगही निळा."

अमेरिकेतल्या प्रत्येक बातमीवर त्यांचं मत तयार असे. मालक टीम उचलून दुसऱ्या शहरात नेतोय? "माणसं काय सामान आहेत? ज्या पोरांनी थंडीत बसून ओरडलं, त्यांनी आता कुणासाठी ओरडायचं?" डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला कोचने पुन्हा मैदानात पाठवलं? त्या दिवशी त्यांनी जेवणही नीट केलं नाही. "त्या कोचला माझ्या वॉर्डात पाठवा. आठवडाभर पेशंट उठवू दे."

माझं मराठी त्यांनी खेळता खेळताच दुरुस्त केलं. मी पुण्याच्या इंग्लिश मीडियम शाळेत शिकलेली. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, "ताई, आम्ही जेवायला जायचं का?"

त्या जागच्या हलल्या नाहीत. "जा नं. मी कुठे अडवून राहिली?"

"नाही, म्हणजे... तुम्ही पण."

"मग 'आपण' म्हण. 'आम्ही' म्हटलं की मी दाराबाहेर. इंग्लिशमध्ये एका 'वी'त सगळे कोंबता येतात. आपल्याकडे आत कोण आणि बाहेर कोण, ते बोलतानाच ठरवावं लागतं."

मी हसले, पण ते वाक्य मनात राहिलं. आत कोण, बाहेर कोण, याचा विचार मी लहानपणापासून करत आले होते. ताईंचा फोन वाजला की त्या भर किचनमध्ये, लोक 'हॅलो' म्हणतात तितक्या सहज, "जय भीम!" म्हणायच्या. आमच्याही घरी तेच म्हणत, पण दार लावून. कॉलेजात कुणी पूर्ण नाव विचारलं की मी फक्त पहिलं सांगायची. इथल्या बॅजवरही तेवढंच होतं.

"पुण्यात कुठे गं?" असं ताईंनी मला एकदाच विचारलं. मी अडखळले. त्यांनी क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, "जाऊ दे. आपला नवा किकर पाह्यला का?" पुन्हा कधीही विचारलं नाही.

रिसेप्शनवरचा कीथ पक्का नॉटिंगहॅमचा, इथल्या फुटबॉलचा भक्त. अमेरिकन ड्राफ्ट जवळ आला की तो ताईंना चिडवायचा. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजांतून येणाऱ्या नव्या खेळाडूंची निवड. तिचा नियम असा, की शेवटून पहिली आलेली टीम सगळ्यांत आधी निवडते.

"हरल्याचं बक्षीस!" कीथ म्हणायचा. "आमच्याकडे शेवटचे तिघं खालच्या लीगमध्ये जातात. सरळ हिशेब."

"आणि तू फिजिओ विभागात काम करतोस!" ताई म्हणायच्या. "पाय मोडलेल्या माणसाला आम्ही काठी देतो, कीथ. तुम्ही त्याला जिन्यावरून ढकलता."

मग एकदा, कीथ हसत असतानाच, त्या त्याला सहज सांगून गेल्या, "मीसुद्धा राखीव जागेवर शिकले. आमच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या मैदानातच येऊ दिलं नव्हतं. मला सीट मिळाली, पण परीक्षा मीच दिली. पहिला नंबर मिळाला तरी पास आपल्यालाच फेकावा लागतो." इतक्या ताठ बोलल्या, की कीथने टोपी नसताना टोपी काढल्यासारखं केलं. मी कप धुवत होते. तो एकच कप बराच वेळ धुतला.

मार्चमध्ये ताई निवृत्त झाल्या आणि मुलीकडे बर्मिंगहॅमला गेल्या. किचन एकदम मोठं वाटायला लागलं. सोमवारी कुणी हात वर करून येत नाही.

एप्रिलमध्ये ड्राफ्टच्या दिवशी सकाळीच त्यांचा मेसेज आला. "आपण यंदाही शेवटचे! म्हणजे आज पहिला नंबर आपला. बघशील नं?"

दुपारी कीथ किचनमध्ये आला, मला म्हणाला, "काय, पुन्हा तुमचाच पहिला नंबर?" शेजारी वॉर्डातले नवे डॉक्टर होते, तेही पुण्याचे. त्यांना तो नियम ठाऊक नव्हता. कीथने समजावला. ते हसले आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "म्हणजे आपल्याकडच्या राखीव सीटांसारखंच की! आपण बिचारे मेरिटवर घासून आलो, हो ना?"

बोलण्यात खोडसाळपणा नव्हता. उलट आपुलकीच होती. बिस्किटांचा डबासुद्धा त्यांनी माझ्याकडे सरकवला. एका 'आपण'मध्ये त्यांनी मला आत घेतलं होतं, आणि ताईंना दाराबाहेर ठेवलं होतं. मी फक्त हसले असते, तरी चाललं असतं. आजवर चाललंच होतं.

मी डब्याचं झाकण लावलं.

"आपण नाही, डॉक्टर," मी म्हणाले. आवाज थोडा मोठाच लागला. कीथनेही वळून पाहिलं. "आम्ही. इथे आमच्या ताई होत्या, त्या राखीव सीटवर शिकल्या. मीही तशीच शिकले. आणि आज पहिला नंबर आमचा आहे."