चार नंबरांची तार

माझ्या मोठ्या दिरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळतात. मी त्याच हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर. मी आधी लागले, त्या सात वर्षांनी मागून आल्या, त्यामुळे घरात त्या मोठ्या आणि इथे मी, असं आमचं ठरलेलं आहे. "इथे तरी मला अहो-जाहो करा," असं मी म्हटलं की त्या म्हणतात, "करते की. संध्याकाळी भांडी घासायला बसलीस की करते."

वहिनींनी हे काम शिकायला घेतलं तेव्हा त्यांना एकोणचाळिसावं चालू होतं. त्याआधी शिवणवर्गात शिकवायच्या. तो वर्ग बंद पडला. सासरे म्हणाले, "आता या वयात वायरी ओढत फिरणार?" वहिनी म्हणाल्या, "बाबा, इतकी वर्षं दोराच ओढत होते. हा जरा जाड आहे." मग दोन वर्षं संध्याकाळचा क्लास. आम्ही दोघीही मराठी शाळेत शिकलेल्या, पुस्तक सगळं इंग्रजीत. त्यांनी एकेक शब्द कोशात पाहून वहीत उतरवला. मशीनला द्यायच्या आज्ञांची यादी तर स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला चिकटवली होती. तिखटाचा डबा काढता काढता त्यातल्या निम्म्या मलाही पाठ झाल्या.

हॉस्पिटलात त्या तात्पुरत्या म्हणून लागल्या. तीन वर्षं झाल्यावर कायम करण्याची फाईल वर गेली. मी सांगतेय ती गोष्ट त्याच दिवसांतली.

आमच्याकडे दोन इमारती आहेत. पुढची जुनी, तिच्यात ऑपरेशन थिएटर, माझी टेलिफोनची खोली आणि वहिनींची यंत्रांची खोली. मागच्या इमारतीत प्रयोगशाळा आणि रक्तपेढी. दोन्ही इमारतींच्या मध्ये अंगण, आणि अंगणाखालून गेलेली एकच तार. दोन्ही टोकांना एकेक स्विच, म्हणजे पुष्कळ वायरी लावायचं चपटं खोकं. मी एकदा विचारलं होतं, "एका तारेतून फोन पण जातात, कॉम्प्युटर पण, पेशंटची मशीनं पण. मग गल्लत कशी होत नाही?"

वहिनींनी शिवणवर्गातलं सांगितलं. "चार घरांचे कपडे एकाच गाठोड्यात बांधून पाठवायचे, पण प्रत्येक कपड्याला नंबराची चिठ्ठी टाचलेली. पलीकडचा माणूस गाठोडं सोडतो, चिठ्ठी बघतो, ज्याचे त्याला देतो. या गाठोड्याच्या तारेला ट्रंक म्हणतात. दहा नंबर कॉम्प्युटरचा, वीस तुझ्या फोनचा, तीस मशीनांचा. कोणते नंबर न्यायचे, त्याची यादी दोन्ही टोकांना लिहिलेली असते. यादीत नसलेला कपडा आत जात नाही आणि बाहेर येत नाही."

मागच्या इमारतीत लहान मुलांचा नवा वॉर्ड होणार होता. प्रत्येक खाटेजवळ श्वास-ठोके मोजणारं मशीन, आणि त्यांचा आकडा पुढच्या इमारतीतल्या डॉक्टरांना दिसायला हवा. त्यासाठी चाळीस नंबर यादीत घालायचा होता. वॉर्ड दुसऱ्या दिवशी उघडणार, म्हणून साहेबांनी, वहिनींच्या खात्याच्या प्रमुखांनी, दुपारच्या जेवणाच्या वेळेतच काम उरकायला सांगितलं आणि स्वतः खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

वहिनी बसल्या होत्या पुढच्या इमारतीत, आणि बदल करत होत्या मागच्या स्विचमध्ये, त्याच तारेवरून. अशा वेळी त्यांची एक पद्धत आहे. आधी त्या पलीकडच्या स्विचला सांगून ठेवतात, की दहा मिनिटांत मी थांब म्हटलं नाही, तर आपणहून बंद होऊन पुन्हा चालू हो. चालू होताना तो जुनी, जपून ठेवलेली यादी घेऊनच उठतो. साहेब याला हसायचे. "बाई, तुम्ही चहा करतानासुद्धा आगीचा बंब बोलावून ठेवत असाल." वहिनींनी तेही ऐकून घेतलं आणि दहा मिनिटं लावली.

मग साहेब म्हणाले, "चला, आटपा." आणि वहिनींनी आज्ञा दिली. द्यायची होती ती अशी, की यादीत चाळीस वाढव. त्यांच्या हातून 'वाढव' राहिलं. उरलं फक्त चाळीस. खोक्याला काय, सांगितलं तसं त्याने केलं. दहा, वीस, तीस पुसून टाकले आणि यादीत एकटा चाळीस ठेवला. हे काम करणारे सगळे कधी ना कधी इथेच घसरतात, असं वहिनी नंतर म्हणाल्या. पण त्या क्षणी त्यांच्यासमोरचा पडदा थिजला, कारण त्या स्वतःही दहा नंबरावरूनच पलीकडे गेल्या होत्या.

माझ्या टेलिफोनच्या बोर्डावरचे मागच्या इमारतीचे सगळे दिवे एकदम विझले. मी हेडफोन काढते न काढते तोच वहिनी दारात. धाप लागलेली, पण आवाज चढलेला नाही.

"मागची इमारत बंद आहे. बारा मिनिटं. थिएटरला सांग, रक्तपेढीचा फोन लागणार नाही, जिन्यात माणूस उभा करा आणि चिठ्ठी हाताने पाठवा."

"बारा म्हणजे अंदाजे?"

"दहा आणि उठायला दोन. घड्याळ बघ."

मी थिएटरला फोन केला. तिथल्या सिस्टरने वॉर्डातल्या एका मावशींना जिन्यात उभं केलं. त्या मावशी एरवी दोन पायऱ्यांना एक विसावा घेणाऱ्या, पण त्या बारा मिनिटांत चिठ्ठी घेऊन एक खेप गेल्या आणि रक्ताची पिशवी घेऊन परत आल्या. मी तोंडाने देवाचं नाव घेत होते आणि डोळे घड्याळावर. अकरा मिनिटं चाळीस सेकंदांनी दिवे लागले, एकामागून एक.

आता खरी गोष्ट. सगळं आपोआप परत आलं होतं. चुकीची यादी कुठेच उरली नव्हती, स्विच उठताना पुसली गेली. पाहिलं होतं ते फक्त वहिनींनी आणि साहेबांनी. आणि अंगणात त्याच वेळी पाण्याच्या नळासाठी खोदकाम चाललं होतं, तारेपासून हातभर अंतरावर.

माझ्या खिडकीतून अंगण दिसतं. मोठे डॉक्टर, म्हणजे सगळ्या हॉस्पिटलचे प्रमुख, खड्ड्याच्या काठावर उभे राहून खोदकामाच्या मुकादमाला झापत होते. "तार आहे म्हणून सांगितलं होतं ना? सामान उचला आणि निघा. उद्यापासून दुसरी माणसं येतील." मुकादम हात जोडून म्हणत होता, "साहेब, आम्ही सकाळपासून तिकडे कुदळच टाकली नाही." त्याची सहा माणसं फावडी धरून उभी.

वहिनी माझ्याच दारात होत्या. साहेब त्यांच्या मागोमाग आले आणि हळू आवाजात म्हणाले, "राहू द्या बाई. धक्का लागला असेल म्हणायचं. चालू झालंय ना? पुढच्या आठवड्यात तुमची फाईल आहे, विसरू नका."

साहेब वाईट माणूस नाहीत. वहिनींचं भलंच बघत होते, थोडं स्वतःचंही. आणि मी? माझ्याही मनात आलं, वहिनी, गप्प बसा हो. ते मी इथे लपवत नाही.

वहिनींनी पदर नीट केला, आणि त्या बाहेर अंगणात गेल्या.

"डॉक्टर, यांनी काही केलं नाही. तार शाबूत आहे. माझ्या हातून चुकीची आज्ञा गेली."

"तुमच्या?"

"हो. आधीची तीन कामं चालू ठेवून चौथं वाढवायचं होतं. मी चौथंच ठेवलं."

"आणि मग चालू कसं झालं?"

"चुकलं तर आपलं आपण मागे यावं, अशी सोय लावून ठेवली होती."

मोठे डॉक्टर तोंडाने फटकळ. म्हणाले, "चुकणार हे आधीच ठाऊक होतं की काय?"

"आधी ठाऊक असतं तर चुकले नसते. पण मी चुकू शकते, एवढं ठाऊक असतं."

खड्ड्यातला एक जण हसला, मुकादमाने त्याला कोपर मारलं. डॉक्टरांनी मुकादमाकडे न बघताच हाताने 'चालू द्या' अशी खूण केली आणि वहिनींना म्हणाले, "लेखी द्या. सगळं." वहिनींनी ते चारच्या आत दिलं, मराठीत, दीड पान, वेळेसकट. साहेबांचं नाव त्यात कुठेही घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच काम पुन्हा करायचं होतं. वहिनींनी मला बोलावून शेजारी बसवलं. मला म्हणाल्या, "पडद्यावर आहे तेच वाच. मनातलं वाचू नकोस." मी अक्षर अक्षर लावून वाचलं, 'अ‍ॅड', म्हणजे 'वाढव', आहे म्हणून सांगितलं, मग त्यांनी बटण दाबलं. चाळीस यादीत गेला, बाकीचे तीन जागेवर राहिले. दुपारी पहिलं बाळ त्या वॉर्डात आलं, आणि त्याच्या ठोक्यांचा आकडा पुढच्या इमारतीत दिसला.

फाईलचं मात्र झालं नाही. सहा महिने पुढे ढकलली, कामावर लक्ष ठेवावं असा शेरा मारून. घरी कळल्यावर सासरे ताट पुढे सारून म्हणाले, "गप्प राहिली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"माझं काहीच नाही, बाबा. त्या मुकादमाचं बिघडलं असतं."

"तो कोण तुझा?"

"कोणी नाही. भाजी घ्या."

यावर सासऱ्यांनी भाजी घेतली. नंतर दिरांना हळूच म्हणाले ते मी ऐकलं, "शेरा मारणाऱ्याला काही अक्कल?"

सहा महिन्यांतले चार झालेत. रोज सकाळी दुखऱ्या गुडघ्यांनी देवापुढे उभी राहून हात जोडते तेव्हा मी ती फाईल मागते. वहिनींना हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर म्हणतील, "माझं मी बघते. तू तुझे गुडघे माग."