कथलाचं शून्य

नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही कोलकात्याला आलो आणि मी इथे पीएचडीला लागले. सर निवृत्तीला आलेले. त्यांची शेवटची विद्यार्थिनी मी. दुर्मिळ मृदा धातूंची संयुगं हे त्यांचं आयुष्यभराचं वेड. या धातूंच्या अणूंत चुंबकत्व ठासून भरलेलं असतं आणि ते अतिसंवाहकतेच्या मुळावर उठतं. खूप थंड केल्यावर विजेला होणारा रोध साफ नाहीसा होतो, तो चमत्कार तिथे सहसा घडतच नाही. दोन्ही एकाच स्फटिकात नांदताना एकदा तरी आपल्या प्रयोगशाळेत बघायचं, एवढंच सरांना हवं होतं.

आमचे स्फटिक वितळलेल्या कथलात वाढायचे. नंतर ते आम्लात धुवायचे, म्हणजे अंगाला चिकटलेलं कथील निघून जातं. पण आम्ल स्फटिकालाही खातं. दीड वर्ष नुसता भुगा हाती आल्यावर एकदाचा नखाएवढा, चकचकीत स्फटिक मिळाला आणि तो विरघळताना बघवेना. मी त्याला निम्म्या वेळातच बाहेर काढलं. कसली ही माया, दगडावर!

मोजणीच्या दिवशी सर माझ्या शेजारीच बसले होते. पावणेचार केल्विनच्या आसपास पडद्यावरची रोधाची रेघ धाडकन शून्यावर आली. नेमक्या त्याच तापमानाला कथीलही अतिसंवाहक होतं, हे आमच्याकडे पहिल्या महिन्यात शिकवतात. मला सरांनीच शिकवलं होतं.

त्यांनी वळून विचारलं, "ठीक से धोया था ना?"

"हो सर," मी म्हणाले. धुतलं तर होतंच. किती, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

त्यांनी लगेच बायकोला फोन लावला. "होयेछे," झालं, एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. मग सगळ्यांसाठी संदेश मिठाई मागवली. मी दोन खाल्ले, लाज वाटली तरी.

एवढं थंड करायला लागणारं द्रव हेलियम पुन्हा मिळालं ते महिन्याभराने, सरांच्या निवृत्तीच्या आठवड्यात. तोवर त्यांनी निरोपाच्या भाषणात तो आलेख घातला होता. या वेळी मी स्फटिक पुरता धुतला, निम्मा विरघळला. सर वर कागदपत्रं आवरत होते, मी एकटीच मोजत होते. पावणेचार आलं, गेलं. रेघ आपली सरळ चालत राहिली. आणखी खाली चुंबकत्वाचा एक बारीकसा बाक दिसला, बस्स. बाटलीतलं हेलियम संपेपर्यंत मी वेड्यासारखी ती रेघ खाली यायची वाट पाहत राहिले.

आलेख घेऊन वर गेले. सरांनी तो खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितला. त्यांना सगळं कळलं होतं. तरी लहान मुलासारखं विचारलं, "धोने से सैंपल खराब हो सकता है?"

"हो सकता है, सर," मी म्हणाले.

मग लॉगबुक ओढून त्यांनी जुन्या आलेखाचं पान काढलं आणि शून्यावर आलेल्या रेघेखाली स्वतःच्या अक्षरात कथलाचं इंग्रजी नाव लिहिलं : टिन. खाली नमुना धुणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं, ते खोडून त्यांनी स्वतःची सही केली.