आमच्या प्रतिभाचं नेट

प्रतिभा ही माझ्या धाकट्या भावाची, भिमाजीची सून. तिच्याबद्दल लिहावं असं फार दिवस मनात होतं. मला नीट जमेल की नाही कोण जाणे, पण दुसरं कुणी लिहील असंही वाटत नाही.

ती सातपूरची. वडील कंपनीत कामाला. त्यांनी मुलीला बी.कॉम. केलं, टायपिंग शिकवलं. लग्न होऊन आमच्या मखमलाबादच्या मळ्यात आली तेव्हा नोकरी करायची म्हणाली. गोजराबाईनं, म्हणजे सासूनं, "घरात बसून काय करायचं ते कर," असं सांगून विषय मिटवला. प्रतिभानं ते शब्द धरून ठेवले. २००८ च्या सुमाराला तिनं खरंच घरात बसून करायचं काम शोधलं. परदेशातले डॉक्टर पेशंटची माहिती बोलून ठेवत. ते नेटवरून यायचं, हिनं ऐकून टाईप करायचं आणि दिवेलागणीच्या आत परत पाठवायचं.

फोन बाहेरच्या खोलीत, माझ्या खाटेजवळ. तिचा कॉम्प्युटर मागच्या खोलीत. दोन्हींच्या मधे लांब, थंड बोळ. त्यात रोज भाजीचा माल ठेवायचा, टेम्पो येईपर्यंत. बोळातून टाकलेली नेटची वायर क्रेटखाली येऊन सारखी तुटायची, म्हणून माझ्या पुतण्यानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, दीपकनं, वायरलेसची डबी आणली. ती माझ्या उशाशी फळीवर बसली.

सकाळी छान चालायचं. दुपार कलली की आतून हाक यायची, "आबा, गेलं का हो?"

"दिवा तर लागलाय, बाई."

"बंद करून चालू करा ना."

मी बटण दाबायचो. थोडं चालायचं, परत जायचं. टेलिफोनवाला सकाळी येऊन चहा पिऊन गेला. "सिग्नल फुल्ल आहे, वहिनी. तुमच्या कॉम्प्युटरचंच काहीतरी." दीपक कॉम्प्युटर शहरात, द्वारकेच्या दुकानात दुरुस्तीला देऊन आला. मग स्टॅबिलायझर झाला, टेबल खिडकीशी सरकवून झालं. एक दिवस तिच्या कामावरच्या मॅडमचा फोन आला. माझ्यासमोर उभी राहून ती नुसतं "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत होती. आणखी एक फाईल उशिरा गेली की काम बंद.

फोन ठेवून मला म्हणाली, "हे गेलं ना आबा, तर मी उद्यापासून मळ्यात निंदायला. मग त्यातनं मी सुटत नाही."

मी उगाच डबीचं बटण परत दाबून बघितलं.

आमच्या घरात अमावस्येला माल काढत नाहीत. त्या अमावस्येला नेट संध्याकाळपर्यंत एकदाही तुटलं नाही. गोजराबाई म्हणाली, "लोकांची भुतं अमावस्येला उठत्यात, हिचं झोपलं." सगळे हसले. प्रतिभा हसली नाही. ती रिकाम्या बोळात येऊन बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला मागच्या दारानं आत बोलावलं. भिमाजी आणि दीपक बोळात थप्पी लावत होते. कोथिंबिरीच्या धुतलेल्या जुड्या, त्यांवर ओलं गोणपाट, परत जुड्या, अशी पार छतापर्यंत. तिनं कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या सिग्नलच्या रेघांवर बोट ठेवलं. थप्पी चढत गेली तशा रेघा कमी झाल्या आणि शेवटी गेल्याच.

"पाण्यातनं सिग्नल येत नाही, आबा."

तिनं लगेच बाहेर जाऊन सांगितलं. थप्पी दुसरीकडं लावू या का?

"कुठं, माझ्या डोक्यावर?" भिमाजी म्हणाला. "उन्हात जुडी पिवळी पडती."

"मग डबी माझ्या खोलीत घेते."

"म्हंजे फोनची वायर बोळातनं. ती तुटली की फोनबी गेला. भाव कोण सांगंल, तुझे डॉक्टर?" गोजराबाई म्हणाली.

"मग मी बाहेरच्या खोलीत बसते."

"तिथं व्यापारी, हमाल बसत्यात. तू काय त्यांच्या मांडीला मांडी लावून बसणार?"

दीपक चपलेतला चिखल काढत राहिला.

"मधे फट ठेवून रचली तर?" प्रतिभानं विचारलं.

"मग तूच रच," गोजराबाई म्हणाली.

तेव्हापासून जुड्या धुणं आणि थप्पी लावणं प्रतिभाकडं आलं. माझ्या फळीपासून तिच्या दारापर्यंत सरळ फट राहील अशी ती रचायची. नेट तुटायचं थांबलं. काम राहिलं.

पण पूर्वी त्या थप्पीमागं ती कुणाला दिसत नव्हती. वळसा घालून मागच्या दारानं तिला हाक मारायला कुणी जात नसे. आता फटीतून ती बाहेरच्या खोलीला सरळ दिसायची. "प्रतिभा, पाव्हणे आलेत, चहा टाक." "प्रतिभा, अडकित्ता कुठं ठेवला गं?" हेडफोन काढ, ऊठ, परत ये, डॉक्टरांचं बोलणं मागं ने. तिनं पडदा लावला. गोजराबाईनं तो उचलून खिळ्याला अडकवला. "घरात आडपडदा कशाला?"

मग ती भरभर काम करायला शिकली. फाईल टेम्पो यायच्या बऱ्याच आधी जायची. गेली की आतून म्हणायची, "आबा, डबी बंद करा," आणि बाजूला ठेवलेल्या ओल्या जुड्या एकेक करून फटीत रचायची. आधी तिचे हात दिसायचे, मग नुसती बोटं, मग तीही नाहीत. गोजराबाईनं हाक मारली तर मी सांगायचो, "काम चाललंय तिचं."

टेम्पो आला की थप्पी वरून उतरायला लागायची. आधी तिचं डोकं दिसायचं, मग खांदे. कानाला हेडफोन आणि समोर बंद कॉम्प्युटर.