मोकळी जागा

नोएडात काचेच्या इमारती नुकत्याच उगवायला लागल्या होत्या, तेव्हा आमच्या सल्लागार कंपनीला कोकणातलं एक बंदर पर्यावरणपूरक करायचं काम मिळालं. ऑफिसात समुद्र नीट पाहिलेली माझ्यासकट दोन-तीन माणसं असतील. सल्ला मात्र सगळ्यांकडे तयार होता. त्या बंदराशेजारी माझी आत्या जवळा सुकवून विकते, हे मी साहेबांना सांगितलं. "अच्छा, फिर तो ये तुम्हारा एरिया है," म्हणाले, आणि मला बैठकीच्या चहापाण्याला जुंपलं.

बंदराशी संबंध असलेल्या सगळ्यांना बोलावलं होतं. कोळी तेवढे वगळले. ते बिचारे इतक्या लांब कशाला येतील, असं परस्पर ठरलं. बाकीच्यांचं निसर्गप्रेम नुसतं उतू जात होतं. जहाजवाले म्हणाले, धक्क्याला लागल्यावर इंजिनं बंद ठेवू, पण वीज बंदराने द्यावी. बंदरवाले म्हणाले, सरकारने द्यावी. कोळशाचा व्यापारी ढिगाऱ्यावर ताडपत्री घालायला एका पायावर तयार होता, फक्त इतरांनी आधी घालावी. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणी पुढे होईना. मग जेवणं झाली, ढेकरा देत झाडं लावायचा ठराव आला आणि एकमताने मंजूर झाला. झाडं कुणाकडे काही मागत नाहीत.

जागा साहेबांनी फोटोत शोधली: किनाऱ्यावरची रिकामी वाळू. फोटो पावसाळ्यातला होता. एरवी त्या वाळूवर कोळणी मासळी सुकवतात, आत्याचं पोट तिच्यावरच आहे, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं.

"यार, वो लोग कहीं और सुखा लेंगे," साहेब म्हणाले. "बदबू भी कम होगी."

वाळूभोवती कुंपण घातलं गेलं, सुरूची झाडं तरारली. बंदराला बक्षीस मिळालं आणि आमच्या ऑफिसात बर्फी वाटली. असल्या शहाण्यांची मला आजही किळस येते.

मी कोकणात गेले, तेव्हा आत्या रस्त्याच्या कडेला जवळा पसरत होती. शेजारून कोळशाचे ट्रक उघडेच धावत होते. सुपातला जवळा ती पुन्हापुन्हा पाखडत होती, तरी काळाच राहत होता.

"हा घेतं कोण?" मी विचारलं.

"कोंबडीखाद्यवाला नेतो," ती म्हणाली. "माणसं आता माझ्याकडे येत नाहीत."