ओजिमातल्या डॉक्टरांची होडी

पोहता येत नाही, होडीत पाय ठेवला की पोटात ढवळतं, आणि तरीही स्वतःच्या हातांनी शिडाची होडी बांधली, असा माणूस जगात एकच असणार. आणि तो टोकियोत, ओजिमाच्या सरकारी इमारतीत, आमच्या बरोबर डोक्यावर राहत होता. आम्ही त्यांना डॉक्टर म्हणायचो. ते डिंकाचे डॉक्टर होते. कशाला काय चिकटतं आणि ते पुढे का सुटतं, यावर त्यांनी पुण्यात पीएचडी केली होती आणि इथल्या एका संशोधन संस्थेत कित्येक वर्षं तेच चालू होतं. इमारतीत नवीन आलेलं एखादं मराठी कुटुंब हमखास मुलाचा खोकला घेऊन त्यांच्याकडे जायचं. डॉक्टर कुणाला रिकामं परत पाठवत नसत. मुलाच्या बुटाचा सुटलेला सोल चिकटवून द्यायचे आणि वर ऐकवायचे, "खोकला आपोआप जातो, सोल आपोआप चिकटत नाही."

२०११च्या मोठ्या भूकंपानंतर आठवड्याभरात डॉक्टरांच्या बायको, आमच्या वहिनी, मुलीला घेऊन पुण्याला गेल्या. आमच्या ओळखीतली बरीच घरं तेव्हा अशीच रिकामी झाली होती. फुटलेल्या अणुभट्टीची रोज नवी बातमी यायची, नळाचं पाणी प्यावं की नाही याचीही खात्री वाटत नव्हती. डॉक्टर मात्र राहिले. "प्रयोग अर्धा आहे," एवढंच त्यांनी कारण सांगितलं. रविवारी ते टोकियोशेजारच्या चिबाच्या किनाऱ्यावर त्सुनामीचा चिखल उपसायला जाऊ लागले. तिथे एका म्हाताऱ्या सुताराच्या अंगणात फावडं मारताना त्यांना कळलं, की या आजोबांची मासेमारीची होडी त्सुनामीच्या लाटेने नेली आणि ती ठेवायची शेड तेवढी उरली. "मग इथे एक नवी बांधू या का?" डॉक्टरांनी तिथल्या तिथे विचारलं. आजोबा आत जाऊन रंधा घेऊन आले. डॉक्टरांचं जपानी व्याकरण पाहता आजोबांना प्रश्न नेमका कळला होता का, ही शंका मला आजही आहे.

त्यानंतर पुण्याच्या फोनवर वहिनींना रोज प्लायवूडचे फोटो जाऊ लागले. चार महिन्यांनी त्या मुलीसह परत आल्या, त्या हा प्रकार थांबवायलाच. पहिल्याच रविवारी डबा घेऊन शेडवर आल्या. मी तोवर फळ्या धरण्याच्या कामावर रुजू झालो होतो, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं.

"अहो, आधी ठरवू या," वहिनी म्हणाल्या. "राहायचं की परत जायचं?"

"हे पूर्ण झालं की ठरवू," डॉक्टर रंधा मारत म्हणाले.

वहिनींनी डबा खाली ठेवला. त्यांचे वडील शाळेत सुतारकाम शिकवायचे. "लाकडाच्या रेषांच्या उलटा मारताय," असं म्हणून त्यांनी रंधा काढून घेतला, आणि तो पुढे दोन वर्षं त्यांच्याच हातात राहिला. मी एकदा विचारलं, "वहिनी, थांबवायला आला होतात ना?" त्या म्हणाल्या, "तिकडे चार महिने नुसती बातम्या बघत बसले होते हो. इथे निदान हातांना काही सुचतं."

आता डॉक्टरांच्या घरी जाणं जोखमीचं झालं. पाहुण्याला आधी पॉलिशपेपर मिळायचा, मग पाणी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निशी-कसाईच्या भारतीय वस्तीतून जरीच्या साड्या नेसून आलेल्या बायकांना वहिनींनी वाणासोबत एकेक फळी घासायला दिली, आणि ती संध्याकाळ फार छान गेली असं त्या बायकाच सांगतात. इपॉक्सी डिंक लागलेला भुसा जळणाऱ्या कचऱ्यात टाकायचा की न जळणाऱ्या, यावर वहिनींचा वॉर्ड ऑफिसशी इतका पत्रव्यवहार झाला, की तिथल्या बाई शेवटी होडी बघायला स्वतः शेडवर आल्या. त्यांनाही पॉलिशपेपर मिळाला.

मुलगी दहा वर्षांची होती आणि मराठी प्रश्नाला जपानीत उत्तर द्यायची. म्हणून शेडमध्ये मराठीच बोलायचं असा डॉक्टरांनी नियम केला. नियम आजोबांनाही लागू होता. ते "घट्ट धर" आणि "चहा" एवढ्यावर निभावून न्यायचे. मुलगी आधी रुसली, मग शीड, सुकाणू, डोलकाठी असले शब्द सराईतपणे वापरू लागली. तिला कढीपत्त्याला मराठीत काय म्हणतात ते अजून येत नव्हतं.

तिसऱ्या उन्हाळ्यात होडी पाण्यात गेली. डॉक्टर ओजिमा स्टेशनपासूनच लाइफजॅकेट घालून बसले होते. सुकाणूवर मुलगी, शेजारी आजोबा, दोरीला वहिनी, मी किनाऱ्यावर. शीड भरलं, होडी एका अंगावर कलली, आणि डॉक्टर उभे राहून ओरडले, "आबुनाई! आबुनाई!" जपानीत धोक्याच्या पाटीवर असतो, तो शब्द.

"बाबा, खाली बस," मुलगी स्वच्छ मराठीत म्हणाली.

ते बसले. मग त्यांना दोनदा उलटी झाली. परत आल्यावर, चेहरा पांढराफटक पडलेला असताना, ते मला म्हणाले, "एकही सांधा सुटला नाही."

पुढच्या वर्षी संस्थेतलं काम संपलं, आणि राहायचं की जायचं हा प्रश्नही आपसूक सुटला. जायच्या आदल्या रविवारी डॉक्टरांनी होडी कोरड्या फडक्याने पुसली, आजोबांच्या हातात दोर दिला आणि दोघं एकमेकांना इतका वेळ वाकून नमस्कार करत राहिले, की वहिनी शेवटी बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

मी अधूनमधून तिकडे जातो. आजोबांचा खांदा आता शिडाचा दोर ओढू देत नाही. त्यांनी डोलकाठी उतरवून शेडमध्ये आडवी ठेवली आहे, होडीला मागे छोटं इंजिन लावलं आहे, आणि ते रोज सकाळी मासे धरायला जातात. पुण्याहून डॉक्टरांचा फोन येतो.

"शीड भरतं ना नीट?"

"भरतं."

"आणि आजोबा खूश आहेत ना?"

"आहेत," मी सांगतो. हे दुसरं उत्तर खरं असतं.