चिलापीचं गाऱ्हाणं

मस्कतला मालकिणीच्या ओट्यावर चिलापी साफ करताना तोच चिखलाचा वास आला आणि मी आमच्या धरणावर पोचले. मी आठवीत शाळा सोडली, ते साल. बाबांनी या परक्या माशाची पिल्लं डब्यातून आणली होती. पाण्यात सोडण्याआधी नारळ ठेवून त्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, एकाचे हजार होवंदेत." आम्ही भावंडं म्हणालो, "व्हय म्हाराजा." आई हसली, "देवाक मासो दाखवलात? तो तरी वळाखता काय ह्येका?"

त्या माशांनी आम्हाला जगवलं, हे मी विसरत नाही. काल भाऊ फोनवर म्हणाला, "बाय, जाळ्यात नुसती चिलापीच. आपलो गावचो खवळो मासो वरसभर दिसाक नाय." बाबांचं मागणं देवाने पुरं केलं. ते परत घेण्याचं गाऱ्हाणं आमच्यात कुणालाच येत नाही.