शटडाउन न घेता बदललेलं पॅनल

भिलाईच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं कंट्रोल रूममधी पॅनलवर बसलो. तिथला कायदा पक्का होता. एक बटण जरी जागचं हलवायचं असलं, तरी आधी शटडाउन, मंग ऑपरेटरची सही, मंग पान्याले हात. अन् हरेक बटणाखाली कागदाची पट्टी, तिच्यावर पेनानं नाव. रिटायर झालो, मरोद्याचं क्वार्टर सोडून जुनवानीले राहाले आलो, पोरानं कॉम्प्युटर घेऊन दिला, तवा मी तेच केलं. ब्राउजरची बटणं जिथं दिसत, तिथं स्क्रीनच्या काचेवर पट्ट्या चिकटवल्या. 'मागं'. 'घर'. 'नंबर'. बायको हासली, "कॉम्प्युटरले टिकल्या लावून राहिले का जी?" हासू दे म्हणलं. सहा वर्षांत एक चूक झाली नव्हती.

'नंबर'च्या बटणानं तिच्याच डॉक्टरचा नंबर लावायचं पान उघडे. तिच्या हृदयाचा वाल्व खराब आहे. रायपूरचे मोठे डॉक्टर महिन्यातून एक दिवस दुर्गच्या दवाखान्यात येतात. त्यांचा नंबर ऑनलाइनच लागते, ठरल्या दिवशी सकाळी दहाले, अन् पंधरा मिनिटांत सारे नंबर संपतात. मागच्या खेपेले त्यांनी मले एकट्याले आत बोलावलं होतं. म्हणाले, पुढच्या महिन्यात आणाच, आता दिरंगाई नको. तिनं विचारलं तर मी सांगतलं, काही नाही, गोळी बदलणार आहेत.

तर त्या सकाळी पावणेदहाले मी कॉम्प्युटर लावला अन् पाहातो तं काय बापा, ब्राउजर आपल्या मनानंच बदलून बसला होता! वरची पट्टी गायब, बटणं कुठल्या कुठं, कोपरे गोल केलेले. माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणाले विचारून केलं हे? चालू पॅनल शटडाउन न घेता कोणी बदलते का बे? पोराले फोन लावला, तो मीटिंगमधी. मंग आमच्या जुन्या शिफ्टच्या ग्रुपवर पायलं. तिथं आधीच बोंबाबोंब. एकानं लिहिलं होतं, 'पुराना वाला वापस लाओ.' भिलाई-तीनले राहाणाऱ्या दोस्तानं लिहिलं, 'माह्याच घरात मले संडास सापडून नाही राहिला.' सारे शिव्या देत होते, जुनं परत कसं आणायचं हे एकालेही माहीत नव्हतं.

दहाले आठ मिनिटं राहिली. नंबर हुकला तं अख्खा महिना गेला, अन् तो महिना तिच्याजवळ आहे का नाही, हे मले कोण सांगणार? बायको चहा घेऊन बाजूच्या स्टुलावर येऊन बसली.

"आरामानं करा नं. कावून एवढे घाबरून राहिले?"

"तू गप बस वं! तुले काय समजते यातलं!"

मी केलं काय, तं एकतीस वर्षांची खोड, बाजूचं चिन्ह न पाहाता पट्टी वाचली अन् माउसचा बाण 'नंबर'वर नेऊन दाबला. आता तिथं नवीन पान उघडायचं बटण आलं होतं. पहिले असं पान कोरं उघडे. यावेळी त्याच्यावर मोठेमोठे आठ चौकोन आले, मी नेहमी उघडतो त्या पानांचे, ठळक अक्षरात नावं घालून.

'वाल्व खराब झाल्यावर माणूस किती वर्षं जगतो.' 'ऑपरेशन नाही केलं तर काय होते.' 'साठीनंतर ऑपरेशनचा धोका.'

मी काचेवर पंजा ठेवला. पंज्याखाली दोन चौकोन झाकले, बाकीचे उघडेच राहिले. बायको सातवी शिकली आहे, ओठ हालवत हळूहळू वाचते. तिचे ओठ हालून राहिले होते, अन् मले माउस फेकून द्यावासा वाटला.

सारं वाचून झाल्यावर तिनं पदरानं चष्मा पुसला. "दहाले तीन मिनिटं कमी आहेत," ती म्हणाली. मंग शेवटच्या चौकोनावर बोट ठेवलं. "हे दवाखान्याचंच नोहे का?"

दवाखान्याचंच होतं. मी ते उघडलं अन् दहा वाजताच दाबलं. सातवा नंबर लागला. मी तिचं नाव दोनदा वाचून पायलं, तारीख वाचली, अन् खुर्चीत मागं टेकलो. आता ती उठून स्वयंपाकघरात जाईल असं वाटलं. ती गेली नाही.

"किती वर्षं म्हणते मंग ते?" तिनं विचारलं.

ते पान मी इतक्यांदा वाचलं होतं की आकडा मले झोपेतही सांगता आला असता.

"नवीन आलं नं हे," मी म्हणलो, "धड काही दिसूनच नाही राहिलं यात."